फुकटातलं इंजिन आणि पुढचं रामायण : घरी बांधलेल्या क्रॉलर बग्गीचे अनुभव

उसनवार_पाना
काल माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेली एक लोखंडी प्लेट सापडली. पायावर पडता पडता वाचली. बारा मिलिमीटर जाड, मध्ये भलंमोठं भोक, कडेने आठ छोटी. त्यातलं एक चुकलेलं, ते वेल्डिंगने बुजवून शेजारी पुन्हा पाडलेलं. बायको म्हणाली, भंगारात देऊ का? म्हटलं, हात लावू नकोस, माझं अख्खं एक वर्ष आहे त्यात.

तर झालं असं होतं. दगडांवर हळूहळू चढणारी क्रॉलर बग्गी घरी बांधत होतो. पाइपांची चासी तयार, दोन्ही एक्सल बसलेले, फक्त इंजिन नव्हतं. ओळखीतल्या एकाच्या छोट्या गाडीची बॉडी सडली, इंजिन चांगलं. "घेऊन जा," म्हणाला. फुकट ते पौष्टिक! पण ते पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं आडवं इंजिन, आणि मला बसवायचं होतं उभं, दुसऱ्याच गाडीच्या गिअरबॉक्सला. म्हणून दोन्ही जोडायला ही प्लेट. क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत लागतात, फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास चालतो. माझा अर्धा मिलिमीटर होता. पहिले चार दिवस मस्त, मग क्लच दाबला की कण्हल्यासारखा आवाज, आणि महिन्याभरात क्लच प्लेटचा मधला भाग फाटून हातात.

पुढे सेल्फचे दात फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या दातेरी चक्राला, लागेनात. मग पुढचा एक्सल वर आला की ऑइल चेंबरवर आदळायला लागला. चेंबर कापून उथळ केला, तर चढावर ऑइल प्रेशरचा दिवा. फुकटच्या इंजिनामागे एका चांगल्या इंजिनाच्या चौपट पैसे गेले.

तुमचं इंजिन कसं ठरलं, कुठे फसलात, लिहा. सल्ले नकोत. (येणारच म्हणा.)

मूक_वाचक
वाचतोय.

गिअरवेडी
दादा, सल्ला नाही, हिशोब लिहिते, चालेल ना? बाळ झोपलंय तोवर पटकन.

मी पण आधी "किती हॉर्सपॉवर" हेच विचारत फिरले. दगडावर चढताना ती लागतच नाही. लागतो इंजिन हळू फिरत असताना टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, आणि तो कमी असला तर गिअर भरून काढतात. पहिला गिअर 4, ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो 2.3, डिफरन्शिअल (एक्सलमधले गिअर) 4.1. गुणाकार साधारण 38. इंजिन रेस न देता मिनिटाला 800 फेऱ्यांवर (आयडल), टायर 35 इंची, तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटर. म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतकी. दगडावर हे फार जास्त आहे हो! क्लच दाबावा लागतो आणि तिथेच क्लच जळतो. मी तसलीच दुसरी ट्रान्सफर केस मागे जोडली. गुणोत्तर 87 च्या जवळ, वेग ताशी दीड किलोमीटर. इंजिन तेच, 1298 सीसीचं सुझुकीचं जी13. मोठं इंजिन घ्यायचा विचारच सुटला.

आणि सुझुकी सामुराई जीपची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे पुढे कुठलंही इंजिन-गिअरबॉक्स

उठलं. येते नंतर.

चिखलात_चाक
ताई, हे दोन वर्षांपूर्वी कुठे होतात?

मी मोटरसायकलचं 600 सीसी बसवलं होतं. हलकं, गिअरबॉक्स आतच, चेन टाकली की झालं. कागदावर ताकद चिक्कार. पण ती सगळी दहा हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) वर! तीन हजारांवर ते इंजिन म्हणजे नुसता आवाज. प्रत्येक दगडावर रेस पिळायची आणि हाफ क्लच. तो क्लच ऑइलमध्ये बुडालेला, त्याच ऑइलवर इंजिन चालतं. दुपारपर्यंत ऑइल काळंकुट्ट आणि वास असा की हेल्मेट काढता येईना. शिवाय रिव्हर्स नाही.

मूक_वाचक
रिव्हर्स नाही म्हणजे? अडकलात की?

चिखलात_चाक
दोघं ढकलायला, मी शिव्या द्यायला.

उलटा_पुलटा
रिव्हर्स नाही म्हणून रडताय, माझ्याकडे चार होते 😂

पहिली बग्गी, ताकद मागच्या दोनच चाकांना. फोक्सवॅगन बीटल गाडीचा गिअरबॉक्स आणि त्याला होंडाचं डी मालिकेतलं जुनं इंजिन. प्लेट तयार मिळाली, क्लच बसला, सगळं झक्कास. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी सरळ मागे. मागे भिंत. मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. दुसरा टाकला. पुन्हा मागे, जरा जोरात.

होंडाची ती जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं बाकीच्यांच्या उलट फिरतात. पुलीच्या बाजूने बघा, घड्याळाच्या उलट. जाणकारांना माहीत असतं, मला भिंतीने सांगितलं. उपाय आहे, डिफरन्शिअल खोलून त्यातलं मोठं दातेरी चक्र, क्राउन, दुसऱ्या बाजूला फिरवायचा. दोन दिवसांचं काम. पण त्या दोन दिवसांआधी मुलांना अंगणात मुद्दाम चारही रिव्हर्स फिरवून दाखवले.

गिअरवेडी
@उलटा_पुलटा, मोठ्याने हसले, बाळ पुन्हा उठलं. भरपाई द्या.

जुना_खटारा
ह्या सगळ्या धाग्यात इंजिन विकत घेण्याआधी तपासलं कुणी, हे कुणीच लिहिलेलं नाही. माझं वय झालंय म्हणून बोलतो, राग मानू नका.

स्वस्त इंजिन स्वस्त का आहे, ते कॉम्प्रेशन गेज सांगतो. सगळे प्लग काढायचे, रेस पूर्ण दाबायची, सेल्फ मारायचा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चौघांत फार फरक नको. एक पडलेला दिसला की त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, नाही आला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. ऑइलचं झाकण उघडून आतून बघायचं, सायीसारखं पांढरट असेल तर पाणी मिसळतंय. मी एकदा हे सगळं केलं, चारही सिलिंडर सारखे, खुशीत इंजिन घरी आणलं. मग कळलं, सेल्फ बसवायचा कानच तुटलाय. तपासताना विकणाऱ्याने सेल्फ हाताने दाबून धरला होता!! मला वाटलं मदत करतोय.

कार्ब_का_झुरतोस
आमचा तर कार्ब्युरेटर होता. काकांच्या वेळचा.

सपाटीवर घड्याळासारखं इंजिन. पण चढावर नाक वर झालं की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं (फ्लोट बाउल) पेट्रोल एका बाजूला. कधी जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला, मिळतच नाही, कधी इतकं ओतलं जातं की काळा धूर आणि बंद. आणि बंद पडतं कुठे, तर बरोब्बर मध्यावर. तिथे ब्रेकवर उभं राहून सेल्फ मारायचा, बाजूला बसलेला डोळे मिटून. फ्लोटची उंची बदलून बघितली, कार्ब्युरेटर फिरवून बसवला, तर आता तिरक्या उतारावर तेच. एका मित्राने कंटाळून गॅसवर केलं, त्याची बग्गी कुठल्याही कोनात चालते. मी शेवटी इंजेक्शनवालं इंजिन घेतलं. आणि ते घेऊनही टाकीतला पंप अर्ध्या टाकीला चढावर हवा ओढायला लागला, ते वेगळंच. मध्ये छोटी उभी टाकी टाकल्यावर थांबलं.

बसमध्ये आहे, स्टॉप आला.

धुराडे
डिझेल घ्या. मेकॅनिकल पंपवालं. ना प्लग, ना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), आयडलवर भिंत चढेल. मीही हेच सगळ्यांना सांगायचो.

मग एकदा बग्गी कुशीवर पडली. हळूच, पालीसारखी. आम्ही बेल्ट काढून बाहेर, हसतोय, आणि इंजिनाचा आवाज वाढायला लागला. किल्ली बंद केली. वाढतोच आहे. चेंबरमधलं ऑइल ब्रीदरच्या (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत ओढायच्या तोंडात, गेलेलं, इंजिन स्वतःचंच ऑइल पीत होतं. डिझेलला पेटवायला प्लग लागत नाही, त्यामुळे किल्लीने ते थांबत नाही. पांढरा धूर इतका की बग्गी दिसेना. हवा बंद केली तरच थांबतं. भावाने सीटखालची रबरी चटई इनटेकवर दाबली, चटई आत ओढली गेली आणि मगच शांतता. सात-आठ सेकंद असतील. आता इनटेकला हवा बंद करायची झडप आहे आणि तिची केबल सीटशेजारी.

जुना_खटारा
पेट्रोलवाल्यांनीही गाडी उलटली की लगेच सेल्फ मारू नका. ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं, प्लग काढून फिरवा. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मूक_वाचक
चटई परत मिळाली का?

धुराडे
अर्धी.

छोटा_फटाका
आमची मुलीसाठीची होती, ट्यूबची, एकच सीट. होंडाचं जीएक्स390, पाण्याच्या पंपावर असतं तेच 389 सीसीचं. स्वस्त, दोरी ओढली की चालू. बेल्टवालं ऑटोमॅटिक गिअर लावलं. मोकळ्या मैदानात छान, पण दगडावर चाक अडलं की बेल्ट पुलीवर घसरत राहतो आणि जळतो. मधे एक गिअर रिडक्शन घातल्यावर जरा बरं. मुलीने तिचं नाव 'आजी' ठेवलंय. हळू चालते आणि सतत कुरकुरते म्हणून.

बॉनेटखाली
माझा अनुभव उलटा, म्हणून लिहितो. मी अख्खी अपघातातली गाडी घेतली, 2.4 लिटर, ऑटोमॅटिक. सुट्या इंजिनापेक्षा महाग, पण इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू, रेडिएटर, पंखे, पेट्रोल पंप, अगदी क्लिपाही त्यातच. नको ते विकून बरेचसे पैसे परत आले. ऑटोमॅटिकचं सुख म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी ऑइलमधून ताकद देणारा), अडकलेल्या चाकावर ब्रेकसकट हळू रेस दिली की ओढत राहतो. तापतो मात्र भरपूर, त्याला वेगळा ऑइल कूलर लावलाच.

वायरिंग सोडवताना प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. तीन आठवडे. घामाने आणि ग्रीसने निम्मी नावं पुसली. "डा. मा. —" असं एक अजून आहे, काय होतं देव जाणे. इंजिन चालू व्हायचं, दोन सेकंदांनी बंद. चालू, बंद. शेवटी लक्षात आलं, इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) किल्ली शोधतोय. किल्लीची चिप वाचणारी रिंग स्टीअरिंगच्या खांबाला असते आणि खांब मी पहिल्याच दिवशी विकला होता.

चिखलात_चाक
परत घेतला का?

बॉनेटखाली
विकला त्याच्या तिप्पट भावाने. घेणारा ओळखीचा निघाला, म्हणून तिप्पटच.

गिअरवेडी
आले. ऑटोमॅटिकवर मला बोलायचंय पण लांबेल. उतारावर इंजिन ब्रेकिंगचं, म्हणजे इंजिनानेच गाडी रोखायचं, काय करता? माझी 87 च्या गुणोत्तरावर ब्रेक न लावता उतरते.

बॉनेटखाली
ताई, तिथे तुम्ही जिंकलात. मी ब्रेक पॅड बदलत असतो.

नवा_भिडू
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. @उसनवार_पाना दादा, प्लेट टाकू नका. तिच्या भोकांची मापं मिळतील का? तुमचं ते आडवं इंजिन कुठलं होतं, व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगाल का? वर्णनावरून मला परवा मिळालेल्यासारखंच वाटतंय. मलाही फुकट मिळालं.

जुना_खटारा
अरे देवा.

उसनवार_पाना
आत्ताच माळ्यावरून काढली पुन्हा. बायको जिन्याखाली उभी राहून विचारतेय, आता कुणासाठी? बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर सापडला की मापं पाठवतो. बुजवलेलं भोक वरून तिसरं आहे, ते मोजू नकोस. आणि मधलं मोठं भोक माझ्या मापाने अजिबात पाडू नकोस रे भावा, ते लेथवाल्याकडून गिअरबॉक्स समोर ठेवूनच.