मदत हवी आहे: इंडी ५०० च्या पात्रता फेरीत जुना वेग नक्की कधी बाद होतो?

इंडियानापोलिस ५०० (इंडी ५००) या अमेरिकेतल्या कार शर्यतीच्या पात्रता फेरीतला शनिवार पाहताना एका नियमापाशी गाडी अडतेय. अडीच मैलांच्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर सलग चार लॅप, त्यांची सरासरी हाच तुमचा वेग, आणि शर्यतीला ३३ गाड्या, तीन-तीनच्या ११ रांगा. इथवर ठीक.

घोळ आहे तो पुन्हा प्रयत्न करायच्या दोन लेनचा. लेन २ मध्ये आधीचा वेग हातात ठेवून नंबर लावायचा. लेन १ ला आधी सोडतात, पण जुन्या वेगावर पाणी सोडावं लागतं. संध्याकाळी ट्रॅक थंडावला की शेवटच्या तासात टीम हा जुगार खेळतात. (बघणाऱ्याच्याच छातीत धडधडतं!)

रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं, पण कॉमेंट्रीत 'वेग मागे घेतला' एवढंच येतं. रविवारची शेवटच्या रांगेची चुरस, २०२५ मध्ये ३४ गाड्यांपैकी एक बाहेर गेली ती, मला कळली आहे, ती सोडा. फक्त शनिवारचं सांगा.

जुना वेग कधी बाद होतो? गाडी लेन १ मध्ये उभी राहिली की, पिटमधून (ट्रॅकलगतच्या थांब्यातून) सुटली की, का हिरवा झेंडा पडल्यावर? आणि रांगेत असतानाच पाऊस आला किंवा वेळ संपली, तर तो परत मिळतो का?