पोलीस काकू गेल्या; शोकसभेत त्यांचं काय सांगायचं?

टाकळीची लेक (धागा सुरू करणारी)
नागपुरातल्या आमच्या पोलीस लाईनीतल्या काकू गेल्या आठवड्यात वारल्या. शिपाई म्हणून लागल्या, सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. मानकापूर घाटावर उभं राहायला जागा नव्हती. रविवारी शोकसभा आहे आणि पत्रकात एकच किस्सा येतोय: इतवारीच्या गल्लीत काकूंनी एका गुंडाची कॉलर धरून त्याला ठाण्यापर्यंत पायी आणलं. किस्सा खरा आहे. पण ती त्यांच्या नोकरीतली एक संध्याकाळ. कितीतरी वर्षं त्यांनी महिलांच्या तक्रारींच्या टेबलावर काढली. नवरा, सासू, माहेरची माणसं, कडेवरचं लेकरू, सगळे एकदम बोलत असायचे. काकू आधी लेकराच्या हातात बिस्किट द्यायच्या, मग बाईला एकटीला आत न्यायच्या आणि विचारायच्या, "जेवली का?" त्यानंतर बाही वर करून वळ बघायच्या. त्या टेबलावर किती घरं सावरली! सभेत ते सांगावं असं मला मनापासून वाटतं.

महालकर
ताई, तुम्ही तर मुख्य किस्साच कापून राहिल्या. काकू भरती झाल्या तेव्हा बायका खाकी साडीत ड्युटी करायच्या. कामं ठरलेली: महिला आरोपीची झडती, मोर्चातल्या बायकांना आवरणं, कोर्टात ने-आण. गुन्हेगार पकडायला बाई जाऊ शकते हे काकूंनी तेव्हा दाखवलं. आज पहाटे ग्राउंडवर भरतीच्या ८०० मीटरसाठी पळणाऱ्या पोरींना हेच ऐकू द्या. टेबलावरची कामं ऐकून कोण पोलिसात जाईल?

जरीपटक्याची वाचक
"घरं सावरली" हे वाचून हात थरथरला. माझी बहीण अशाच एका टेबलासमोर बसली होती. कुठलं ते सांगत नाही, काकूंचं नव्हतं. स्टॅम्प पेपरवर समझोता लिहून घेतला, नवऱ्यानं "पुन्हा हात उचलणार नाही" म्हणून सही केली आणि बहिणीला त्याच दिवशी परत पाठवलं. पुढे मनगट मोडूनच ती माहेरी आली. नवऱ्याच्या, सासरच्या छळाचं ४९८अ कलम १९८३ मध्येच कायद्यात आलं, २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. पोलिसांचं काम तक्रार लिहून घ्यायचं. संसार जुळवायला नातेवाईक काय कमी असतात?

सिव्हिल लाईन्सचे वकील
राग रास्त आहे, पण काळ बघा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क त्यानं स्पष्ट दिला. त्याआधी गुन्हा नोंदवला की नवरा जामिनावर घरी आणि बाई रस्त्यावर, हे मी कोर्टात पुन्हा पुन्हा पाहिलंय. माहेर दार लावून घ्यायचं. अशा वेळी टेबलामागच्या बाईनं करायचं काय? दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, तेव्हाही वैवाहिक वादात आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवलीच.

जरीपटक्याची वाचक
वकीलसाहेब, मुभा चौकशीची आहे. वळ दिसत असताना परत पाठवायची नाही.

टाकळीची लेक
हे मी लिहिणार नव्हते. काकूंनी एका पोरीला अशीच समझोता करून पाठवली होती. ती जळाली. काकू त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात आईजवळ बसून होत्या, गणवेशही बदलला नव्हता. त्यानंतर अंगावर वळ दिसले की त्यांनी समझोत्याचा कागद काढला नाही, वरिष्ठांचा फोन आला तरी. आणि ज्यांचा समझोता झाला त्यांच्या घरी त्या पंधरा-वीस दिवसांनी साध्या साडीत जाऊन यायच्या, चहाच्या निमित्तानं. हे सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या सांगून होत नाहीत.

वर्दीतली
मी नोकरीत आहे म्हणून नाव नाही. नागपुरात महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी २०२१ मध्ये मिळाली. काकूंच्या पिढीनं बारा-बारा तास काढले. अधिवेशनाच्या बंदोबस्तात तर शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर. तिथे अर्जांचा ढीग आणि बाई एकटी. तिचा एक निर्णय चुकला तो शोकसभेत काढायचा? पोरं, सुना, नातवंडं समोर बसलेली असतील. प्रशिक्षणात सांगा, मी स्वतः ऐकायला येईन. हार घातलेल्या फोटोसमोर नको.

महालकर
मी वर्दीतल्या ताईंच्या बाजूनं. बाप्पा, गेलेल्या माणसाचं असं काढतात का?

टाकळीची लेक
आज काकूंच्या मुलीकडे जाऊन आले. तिला ती रात्र माहीत होती. म्हणाली, "बोल. पण आईचं नाव घेऊन बोल, 'एका पोलीसबाईनं' असं नको." तेव्हा रविवारी कॉलरचा किस्सा महालकर सांगतील, टेबलाचं मी सांगेन, त्या पोरीसकट.

जरीपटक्याची वाचक
मग मी येते. पण पत्रक छापायच्या आधी "घरं सावरली" तेवढं काढा.