टॅपेट कव्हरचा (इंजिनच्या वरच्या झाकणाचा) बोल्ट तुटला, अर्धा आतच राहिलाय. हेड उतरवावंच लागतं का?

सात_रस्त्याचा
मंडळी, मदत करा, रविवारी हाताने आफत ओढवून घेतलीय. गाडी छोटी पेट्रोल, तीन सिलेंडर, २०१२ चं मॉडेल. महिनाभर झालं, सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास यायचा. बॉनेट उघडून बघितलं तर टॅपेट कव्हरच्या कडेनं ऑइल पाझरून गरम मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडालंय. म्हटलं पॅकिंगच तर बदलायचंय, त्यात गॅरेज कशाला, ऊन चढायच्या आत होऊन जाईल. कव्हर काढलं, नवीन पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले, स्टार्ट केली तर मागच्या कोपऱ्यात परत ओलं. म्हणून तिथला बोल्ट अजून जरासा आवळायला गेलो आणि टी पाना हातात एकदम हलका झाला, नुसतं टक् झालं. बोल्टचं डोकं पान्याच्या गोटीत आणि बाकीचा आत.

एका गॅरेजवाल्याला फोटो दाखवला तर म्हणाला हेड, म्हणजे त्या झाकणाखालचा इंजिनचा भाग, उतरवावं लागंल, सात-आठ हजार धरून चला. घरी विचारलालेत, मग पॅकिंगचे किती वाचले? खरंच हेड काढावं लागतं का? आणि तोवर रोज होटगी रोडला गाडी नेऊ का नको?

गड्ड्याचा_पाहुणा
अनाबॉन्ड (गळती बंद करायची पेस्ट) लाव त्या कोपऱ्यात आणि विसरून जा बे. माझी दोन वर्षं तशीच पळालीय.

टी_पाना
वरच्याचं ऐकू नको. एक बोल्ट नसला की तेवढ्या भागात पॅकिंग दाबलंच जात नाही, बाहेरून किती पण लेप दे, आतून ऑइल येतच राहणार. आणि खाली मॅनिफोल्ड आहे, तिथं ऑइल ठिबकणं म्हणजे नुसता धूर नाही, पेट घ्यायची पण भीती. नीट होईपर्यंत गाडी लावून ठेव, होटगी रोडला रिक्षानं जा दोन दिवस.

आता मुख्य गोष्ट. तुटला कुठं ते बघितलंस का? डोक्याखाली तुटला असंल तर निम्मं काम झालंच समज. बाकीचे बोल्ट काढून कव्हर वर उचल, बोल्टचा दांडा हेडमधून वर आलेला दिसंल, कारण कव्हरच्या जाडीएवढा तुकडा बाहेर राहतोच. आणि तुझा गंजून नाही तुटलेला, जास्त आवळून तुटलाय. डोकं उडालं की त्याच्यावरचा ताण गेला, आतले आटे ऑइलनं माखलेले, तो बहुतेक सैलच असणार. व्हाइस ग्रिपनं (घट्ट बसणाऱ्या पकडीनं) धरून हळू फिरव, पाव फेरा सुटला की पुढं बोटानं निघतोय. कव्हर न काढताच कुणी ड्रिल घेऊन आला तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

लेथवाला
टीपानासाहेब बरोबर. आमच्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे असले तुटके बोल्ट नेहमी येतात. हेडच्या बरोबरीनं तुटला असंल तरी हेड लगेच उतरवत नाहीत. आधी सेंटर पंचनं ड्रिल टेकवायला खूण, बरोबर मधोमध. हेड ॲल्युमिनियमचं मऊ आणि बोल्ट पोलादी, ड्रिल थोडं जरी सरकलं तरी ते मऊ बाजूला पळतं आणि भोक वाकडं होतं. उलट्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर सोनं, भोक पाडता पाडताच कधीकधी बोल्ट उलटा फिरून बाहेर येतो. ईझी आउट (भोकात घालून तुटका बोल्ट उलटा फिरवायचं हत्यार) वापरायचा तर जोर लावू नका, तो आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. तेव्हा मग खरं हेड उतरायची वेळ येते.

थोडा वर असंल पण पकडीत येत नसंल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टिपका मारतात, गरमीनं पण बोल्ट सुटतो. मात्र आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. आटे गेले तरी घाबरू नका, भोक मोठं करून हेलिकॉइल (नवीन आट्यांची तारेची गुंडाळी) बसते, मग परत सहा एमएमचाच बोल्ट लागतो. आणि काहीही करा, आधी कॅमशाफ्टच्या (कव्हरखालच्या फिरत्या दांड्याच्या) बाजूला फडकी कोंबा, चुरा इंजिनात जायला नको. लोहचुंबकानं बोल्टचा चुरा निघतो, ॲल्युमिनियमचा निघत नाही.

सात_रस्त्याचा
निघाला!! डोक्याखालीच तुटला होता, कव्हर उचललं तर बोटाच्या पेरभर दांडा उभा. व्हाइस ग्रिपनं जरा हलवला आणि खरंच बोटानं फिरत वर आला, एवढ्यासाठी दोन रात्री झोप नव्हती.

पण खरी गंमत पुढं. त्या कोपऱ्यात पॅकिंग खाचेतून निसटून दुमडलेलं होतं. म्हणजे मी बोल्ट कितीही आवळला असता तरी गळतच राहणार होतं. बोल्टांखालचे रबरी वॉशर पण दगडासारखे कडक झालेत, ते पण बदलतोय. आता आवळायचं किती ते सांगा.

टी_पाना
सहाच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर, तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. वीतभर पान्याच्या टोकाला चार-पाच किलोचा जोर म्हणजे झालं, तेवढंच. मधून सुरू करून बाहेर, आडवेतिडवे, दोन-तीन फेऱ्यांत. नवीन बोल्ट घेताना जुना सोबत ने, लांबी तंतोतंत हवी, लांब बोल्ट खाली टेकतो आणि आपल्याला वाटतं आवळला.

सात_रस्त्याचा
टॉर्क रेंच (किती आवळलं ते मोजणारा पाना) दोन दिवस उसना कोण देतंय का? बदल्यात घरची शेंगा चटणी.

लेथवाला
चटणी आधी.