स्वभाव कोणता आणि मूल्ये कोणती, हे वेगळे कसे ओळखावे? व्यक्तिमत्त्वाच्या प्रकाराविषयी एक प्रश्न

शिवारफेरी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका गावात राहते. कृषी पदवी घेऊन मला चार वर्षे झाली आहेत आणि सध्या मी एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी गावोगावी फिरून कपाशीवरील किडींविषयी कास्तकारांना सल्ला देते. पुढच्या हंगामात हेच फिरतीचे काम करायचे, की कार्यालयात बसून माती परीक्षणाच्या नोंदी आणि हिशेब सांभाळायचे, हे मला दिवाळीपर्यंत कळवायचे आहे. त्या निमित्ताने आपला स्वभाव नेमका कसा आहे, हा प्रश्न प्रथमच गंभीरपणे मनात आला.

मोबाईलवर सोळा प्रकारांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी मिळाली. पहिल्यांदा ती इंग्रजीतून सोडवली, तेव्हा मी अंतर्मुख आणि विचाराने निर्णय घेणारी ठरले. दोन महिन्यांनी तीच चाचणी मराठी भाषांतरातून सोडवली, तर मी बहिर्मुख आणि भावनाप्रधान निघाले. शिवाय काही प्रश्नांची उत्तरे कशी द्यावीत, हेच मला कळेना. अनोळखी माणसांच्या समारंभात तुम्ही काय करता, असे विचारले होते. आमच्या गावात लग्न असले की सारे गाव पंगतीला असते, त्यात अनोळखी कोणीच नसते, आणि मी वाढायला उभी राहते ती आवड म्हणून नव्हे, तर घरच्या लेकीने उभे राहायचेच असते म्हणून.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. मागच्या सप्टेंबरात गावच्या समाजमंदिरात बैठक होती आणि औषध विकणारा एक प्रतिनिधी गुलाबी बोंडअळीसाठी सर्वांनी त्याच आठवड्यात फवारणी करावी, असे सांगत होता. मी लावलेल्या कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) रोज रात्री दोन-तीनच पतंग येत होते, फुलांत डोमकळ्याही, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलेही, दिसत नव्हत्या, आणि फवारणीची वेळ तर सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडल्यावर येते. मी एरवी बैठकीत मागच्या रांगेत बसते. त्या दिवशी चाळीस माणसांसमोर उभी राहिले आणि सारा हिशेब मांडला. पुष्कळांनी फवारणी पुढे ढकलली. ते पाहून मला वाटले की आपण खरे म्हणजे बहिर्मुखच असू, केवळ दबून राहिलो असू. पण दुसऱ्या दिवशी कोणाशी एक शब्द बोलण्याचीही इच्छा उरली नव्हती.

यातली खरी मी कोणती? आपली मूल्ये आणि आपला स्वभाव कसा तपासावा, हे कोणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकेल का?

निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र

ताई, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच लिहिण्यात आले आहे, पण त्याआधी या चाचणीची जात सांगितली पाहिजे. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांची मांडणी केली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्या मांडणीत भर घालून प्रश्नावली तयार केली. अंतर्मुख-बहिर्मुख, विचार-भावना अशा चार जोड्या, प्रत्येक जोडीतून एक बाजू, म्हणून एकूण सोळा प्रकार. मोबाईलवरच्या बहुतेक फुकट चाचण्या हे मूळ साधन नसून त्याच्या सैल नकला असतात.

या मांडणीची मोठी अडचण अशी की ती मध्ये रेघ ओढते. माणसांची उंची मोजली तर बहुतेक जण मध्यम उंचीचे भरतात, आणि अंतर्मुखतेचेही तसेच आहे. आपण रेघेच्या जवळ असाल, तर एका दिवशी दोन उत्तरे इकडची तिकडे झाली तरी सगळा प्रकारच बदलतो. म्हणूनच आजचे संशोधन बहुतांशी पाच गुणांच्या प्रतिमानावर चालते, ज्यात नवेपणाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्थिरता हे गुण कमी-अधिक प्रमाणात मोजले जातात आणि कोणालाही एका कप्प्यात बसवले जात नाही.

आता भाषांतराविषयी, कारण माझ्या मते आपला खरा घोटाळा तिथे झाला आहे. युंगच्या मांडणीत विचार आणि भावना या दोन्ही निर्णय घेण्याच्या रीती आहेत, आणि त्याने दोन्हींना विवेकी म्हटले आहे. तिथे भावना म्हणजे रडू येणे किंवा राग येणे नव्हे. एखादी गोष्ट मोलाची आहे की नाही, माणसांच्या दृष्टीने ती योग्य ठरते की नाही, असे तोलून निर्णय घेणे म्हणजे त्याची 'भावना'. मराठीत भावनाप्रधान म्हटले की डोळ्यांत लगेच पाणी येणारा माणूस आपल्यासमोर उभा राहतो. इंग्रजी चाचणीत आपण एका गोष्टीला उत्तर दिले आणि मराठी चाचणीत दुसऱ्याच, असे मला वाटते. समाजमंदिरातला आपला युक्तिवाद पतंगांच्या आकड्यांवर उभा होता, पण आपण उठलात कशामुळे? आकडे तर प्रतिनिधी येण्याआधीही आपल्या वहीत होते.

आणखी एक सावधगिरी. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला खास त्याचे म्हणून एक वर्णन हाती दिले. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो भविष्याच्या एका पुस्तकातून घेतला होता. चाचणीचा निकाल वाचून 'अगदी मीच' असे वाटले, एवढ्याने तो खरा ठरत नाही.

कोरडवाहू

सर, आमच्या आजोबांच्या वेळचे वैद्य नाडी पाहून वात, पित्त किंवा कफ प्रकृती सांगत असत आणि स्वभावही त्यावरून सांगत. ते आणि हे एकच म्हणावे का?

निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र

एक म्हणता येणार नाही. प्रकृतीविचार शरीर आणि मन यांना जोडून पाहतो व त्याचा मुख्य हेतू आहार आणि उपचार ठरवणे हा आहे. ग्रीक-रोमन वैद्यकातही शरीरातील चार द्रवांवरून चार स्वभाव सांगत असत. स्वभाव बराचसा जन्मजात असतो, ही जाण या सर्व परंपरांत आहे, आणि ती मला मोलाची वाटते. परंतु एकातला प्रकार उचलून दुसऱ्यावर बसवू नये.

संत्राबाग, वरुड

ताई, मी मानसशास्त्र शिकलेलो नाही. माझ्या घरातील एक गोष्ट सांगतो, ती आपल्या उपयोगी पडावी.

आम्ही दोघे भाऊ आणि आमची संत्र्याची बाग सामाईक आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते, आणि तो ताण नेमका केव्हा मोडायचा यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. माझा थोरला भाऊ कॅलेंडरवर खूण करून ठेवतो आणि त्या दिवशी मोटर सुरू करतो. मी रोज पहाटे बागेत जातो, पाने किती मलूल झाली आणि किती गळली ते पाहतो, आणि मन म्हणेल त्या दिवशी पाणी सोडतो. तो पंचायतीत तास-तास बोलतो, मला दोन वाक्यांपुढे बोलवत नाही. आमचा स्वभाव इतका वेगळा आहे की एका आईची लेकरे वाटू नयेत.

पण आमची विहीर शेजाऱ्याच्या सामाईकीत आहे आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. एका उन्हाळ्यात पाणी इतके खोल गेले की आमची झाडे वाळू लागली, आणि शेजारी आठ दिवस बाहेरगावी गेलेला होता. त्याच्या पाळीत मोटर लावली असती तर कोणाला कळलेही नसते. मी भावाला विचारले नाही आणि त्याने मला विचारले नाही. दोघांनीही मोटर लावली नाही, आणि त्या वर्षी आमची सव्वीस झाडे गेली. भाऊ आणि मी स्वभावाने दोन टोकांना असलो तरी आम्हाला न सोडता येणारी गोष्ट एकच आहे, हे मला त्या दिवशी उमगले. म्हणून आपण जो प्रकार शोधता आहात त्यात या दोन गोष्टी एकाच वहीत लिहू नका, असे सांगावेसे वाटते.

अंगणवाडी सेविका

दादांनी विहिरीची गोष्ट सांगितली, तिच्यात मला स्वतःला तपासण्याची खरी रीत दिसते. तुम्हाला प्रामाणिकपणा आवडतो का, असे विचारले तर सगळेच होय म्हणतील. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हाच कळते की आपण कोणती धरली आणि कोणती सोडली. प्रशिक्षणात आम्हाला शालोम श्वार्ट्झ या अभ्यासकाची १९९२ सालची मांडणी शिकवली होती. त्यांनी दहा मूलभूत मूल्ये एका वर्तुळात मांडली आहेत. शेजारची मूल्ये एकमेकांना साथ देतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढतात. स्वतःच्या बुद्धीने वागण्याची ओढ एका बाजूला, तर सुरक्षितता आणि परंपरा तिच्या समोर. इतरांचे भले एका बाजूला, तर सत्ता आणि स्वतःचे यश त्याच्या समोर. ताई, आपण बैठकीत उभ्या राहिलात तेव्हा काय पणाला लावले होते, ते लिहून काढा. नोकरी? गावातली मर्यादा? आणि ते कशासाठी लावले?

स्वभावासाठी मात्र निर्णय पाहू नये, थकवा पाहावा, असे माझे मत आहे. माझ्याकडे तीन वर्षांची लेकरे येतात. एक मूल पहिल्याच दिवशी मांडीवर चढून बसते. दुसरे दाराची चौकट धरून उभे राहते, आठ दिवस नुसते पाहते, आणि नवव्या दिवशी आपणहून खिचडीच्या ताटावर येऊन बसते. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या दांपत्याने १९५६ पासून बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला, त्यातही हळूहळू रुळणाऱ्या मुलांचा एक गट त्यांनी वेगळा दाखवला आहे. हा दोष नव्हे. अशा मुलाला ढकलले तर ते आणखी मागे सरते, आणि वेळ दिला तर सगळ्यांत मिसळते. त्यांचा आग्रह असा होता की मुलाचा स्वभाव आणि भोवतालची अपेक्षा जुळते की नाही, यावर पुढचे बरेच ठरते. मोठ्या माणसांनाही हे लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

मी स्वतः एक वही ठेवली होती. रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या: आज कशाने शीण आला, आणि कशाने शीण उतरला. लग्नघर, पोषण आहाराचे वाटप, गृहभेटी, एकटीने भरलेले रजिस्टर, सगळे त्यात आले. महिनाभराने वाचले, तेव्हा कळले की माणसे मला थकवत नाहीत, घाई थकवते. हे मला कोणत्याही चाचणीने सांगितले नव्हते. आपल्याकडे बाईमाणसाने काय करायचे हे बरेचसे आधीच ठरलेले असते, त्यामुळे आपण काय करतो यावरून स्वभाव ओळखायला गेले तर फसगत होते. शीण मात्र आपला स्वतःचा असतो.

शिवारफेरी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मी खरोखरच दोन वह्या केल्या.

शिणाच्या वहीतून असे निघाले की एखाद्या कास्तकारासोबत धुऱ्यावर बसून तासभर बोलले तरी मला थकवा येत नाही. सापळे मोजत एकटीने वावरात फिरणे तर विसाव्यासारखे वाटते. बैठक मात्र दर वेळी अंगावर येते, मग ती दहा माणसांची असो की चाळीस. म्हणजे सरांच्या भाषेत मी रेघेच्या अंतर्मुख बाजूला, पण रेघेपासून फार दूर नसावी. कार्यालयातील काम मी आठवडाभर करून पाहिले. तिथेही मला शीण आला, कारण दिवसभर चार जण एका खोलीत होते आणि वावर दिसत नव्हते.

दुसऱ्या वहीत मी मागच्या चार वर्षांतील असे सात प्रसंग लिहिले, ज्यांत मला काहीतरी सोडावे लागले होते. त्यांपैकी पाचांत मी कास्तकाराचा खर्च वाचावा म्हणून माझी सोय सोडली होती. घरच्यांची नाराजी पत्करून मी एकदाच काही केले, ते म्हणजे हीच नोकरी. सुरक्षितता माझ्यासाठी इतकी खाली असेल, असे मला कधी वाटले नव्हते, आणि हे आईला कसे सांगावे ते अजून सुचत नाही.

प्राध्यापक सरांनी विचारले होते की आपण उठलात कशामुळे. आमच्या शेजारच्या काकांनी त्या आठवड्यात फवारणीसाठी उसने पैसे मागितले होते, आणि ते माझ्यासमोरच बसले होते. त्यांच्याकडे लक्ष गेले आणि मी उठले.

कंपनीला मी कळवले आहे की फिरतीचेच काम करीन. मात्र महिन्याची मोठी बैठक माझ्या सहकाऱ्याने घ्यावी, सापळ्यांचे आकडे आदल्या दिवशी मी त्याला लिहून देईन, आणि बैठकीनंतरचा दिवस मला एकटीने शिवारात द्यावा, असेही मागितले आहे. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या असून तिसरीवर बोलणे सुरू आहे.