सांगोल्याच्या बाजारातून सोलापूरला बोकड आणताना होणारी इजा आणि मरतूक कशी टाळावी?

प्रश्न

नमस्कार. सोलापुरात आमचे मटणाचे दुकान आहे आणि वडिलांच्या काळापासून आम्ही रविवारच्या सांगोला बाजारातून बोकड व मेंढे विकत घेतो. गेल्या एप्रिलमध्ये भाड्याच्या पिकअपमधून सव्वीस जनावरे आणली, तेव्हा दोन बोकड वाटेतच मेले आणि एकाचा पुढचा पाय हौद्याच्या फटीत अडकून मोडला. फाळका उघडला तेव्हा तो तीन पायांवर उभा होता आणि ओरडतही नव्हता. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. गाडीवाल्याचे म्हणणे असे की उन्हाळ्यात एवढी मरतूक धरावीच लागते. जिथे आम्ही जनावरे उतरवतो तिथेही कान, शिंगे, लोकर, हाताला येईल ते धरून ओढण्याचीच पद्धत आहे, आणि काही बोललो तर "शेवटी कापायचेच आहे ना?" असे उत्तर मिळते. मला हे बदलायचे आहे. गाडीत किती जनावरे भरावीत, केव्हा निघावे आणि उतरवताना कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त पशुवैद्यक)

सव्वीस हा आकडाच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली जनावरांच्या वाहतुकीसाठी १२५-ई हा नियम घालण्यात आला. त्यानुसार एका शेळीला किंवा मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा द्यावी लागते, वाहनात कायमचे कप्पे असावे लागतात आणि त्याच गाडीत दुसरा माल भरता येत नाही. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौदा म्हणजे साधारण ४.६ चौरस मीटर जागा होते. तिच्यात पंधराच जनावरे बसतात. त्यापुढचे प्रत्येक जनावर दुसऱ्याच्या अंगावर उभे असते, आणि एकदा खाली पडलेल्या बोकडाला त्या गर्दीत पुन्हा उठताच येत नाही.

उष्णतेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो. शेळी-मेंढी मुख्यतः धाप टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते आणि त्यासाठी तिच्या तोंडाभोवतीची हवा खेळती असावी लागते. गाडी चालू असेपर्यंत हे कसेबसे निभावते. पण चहासाठी ती वीस मिनिटे उन्हात उभी राहिली की ताडपत्रीखाली भट्टी तयार होते. आपले दोन बोकड प्रवासाने मेले असे न म्हणता थांब्याने मेले असावेत, असे मला वाटते. म्हणून बाजारात दुपारी खरेदी झाली तरी जनावरे झाडाखाली बांधावीत, पाणी पाजावे आणि ऊन उतरल्यावर किंवा पहाटे निघावे.

१९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे सहा तासांहून लांबच्या प्रवासासाठी प्रवासयोग्यतेचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, खाली किमान पाच सेंटीमीटर जाडीचा पेंढ्यासारखा थर हवा, आणि शेळ्या व मेंढ्या वेगवेगळ्या ठेवायला हव्यात. आपल्या भागात उसाचे पाचट सहज मिळते; ते कोरडे असेल तर चांगले काम देते.

उत्तर २ (कत्तलखान्यात पर्यवेक्षक म्हणून काम केलेले)

उतरवण्याबद्दल मी अनुभवाने सांगू शकतो. बोकड अडून बसतो तो हट्टाने नव्हे. त्याला समोर काहीतरी दिसत असते. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण पायाजवळच्या वस्तूची खोली चटकन कळत नाही. त्यामुळे गटारीवरची जाळी, ओल्या फरशीवरची चकाकी, लोंबणारी साखळी किंवा जमिनीवरची सावली त्याला खड्ड्यासारखी वाटते. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन या स्वतः जनावरांच्या वाटेत उतरून, त्यांच्या नजरेच्या उंचीवरून काय दिसते ते पाहत असत. आम्ही तसेच वाकून पाहिले तेव्हा आमचे दार बाहेरून काळोखी गुहेसारखे दिसले. दारामागे, डोळ्यांवर प्रकाश पडणार नाही असा एक दिवा लावला, आणि काठीची गरज जवळजवळ संपली.

लोकर धरून मेंढी कधीही उचलू नये. कातडीखाली मुका मार बसतो आणि कातडे काढल्यावर तिथले मांस लालकाळे दिसते. गाडीचा हौदा जमिनीपासून तीन फूट उंच असेल तर फळीचा उतार आठ-नऊ फूट लांबीचा असावा आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. हाकताना जनावराच्या खांद्यामागे उभे राहिले की ते पुढे जाते आणि खांद्यापुढे उभे राहिले की मागे वळते; हे ज्याला कळले त्याला ओरडावेही लागत नाही.

२००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार तपासणीनंतर चोवीस तासांची विश्रांती आहे, आणि एका जनावरासमोर दुसरे कापण्यास मनाई आहे. "शेवटी कापायचेच आहे" असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगा, की घाबरलेल्या आणि थकलेल्या जनावराच्या स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आधीच संपलेले असते, त्यामुळे मांसाचा सामू (पीएच) नीट उतरत नाही, म्हणजे मांस पुरेसे आम्ल होत नाही, आणि ते गडद, कोरडे होऊन लवकर खराब होते. मी स्वतः मात्र हा हिशेब नंतर मांडतो; तो जीव अखेरच्या दिवशी आपल्या ताब्यात असतो, म्हणून त्या दिवसाची जबाबदारी आपलीच आहे.

उत्तर ३ (पिकअपचालक, मोहोळ)

मी अकरा वर्षे शेळ्या-मेंढ्या वाहतो. निघाल्यावर अर्ध्या तासाने एकदा सावलीत थांबून, कोणी खाली पडले आहे का ते पाहावे आणि लगेच निघावे. वळणावर वेग आधीच कमी करावा, करकचून ब्रेक दाबू नये. फाळक्याजवळची फट गोणपाटाने नव्हे, लाकडी पट्टीने बुजवावी. गोणपाट पायाखाली सरकते आणि आपल्या बोकडाचे झाले तसेच होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. परवाच्या रविवारी चौदाच जनावरे घेतली, पाचट अंथरले आणि पहाटे चार वाजता निघालो. भाडे प्रत्येक बोकडामागे वाढले, ते मी दरात धरणार आहे. उतरवताना पहिला बोकड फळीच्या तोंडाशी थांबला, त्याने पट्टी हुंगली आणि कोणी हात न लावता तो खाली आला. मग बाकीचे त्याच्या मागोमाग उतरले. दिव्याबद्दल तिथल्या मुकादमांशी बोलणे अजून बाकी आहे.