सोलापूरहून यूकेला एलएलएम: ५८ टक्के आहेत, कन्सल्टन्सीवाला म्हणतो सगळं करून देतो, काय करू?

पूर्वभागची_वकील

नमस्कार मंडळी. बीकॉम करून मग सोलापुरातूनच तीन वर्षांचं एलएलबी केलंय, एआयबीई म्हणजे वकिलांची बार परीक्षा झालीय, वकिलीची सनद आहे, आता जिल्हा कोर्टात एका सिनियर मॅडमकडे ज्युनियर आहे. दोन वर्षं होत आली. जास्त करून १३८ च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या केसेस, थोडं फॅमिली कोर्ट, आणि मॅडमकडे विडी कामगार, यंत्रमाग कामगार बायका येतात पीएफ ग्रॅच्युइटीचं घेऊन, ते सगळं मीच बघते कारण मला तेलुगू येतं.

यूकेला एलएलएम, म्हणजे कायद्यातलं मास्टर्स करायचं डोक्यात आहे. पप्पा म्हणाले कर की, पण खर्च किती ते आधी सांग, आणि मला तेच नीट सांगता येईना. म्हणून एका कन्सल्टन्सीत गेले तर तिथला माणूस म्हणतो आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा लागत नाही, एसओपी म्हणजे कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध आम्हीच लिहून देतो, ॲडमिशन पक्कं, आणि एलएलएम झालं की तिकडं डायरेक्ट सॉलिसिटर म्हणजे तिथला वकील होता येतं. युनिव्हर्सिट्यांची तीन नावं सांगितली, तिन्ही कधी ऐकली नव्हती. वर टोकन आजच भरा म्हणे. पटेना म्हणून इथं विचारायलेय.

एलएलबीला ५८ टक्के आहेत. बरेच पेपर मराठीतून लिहिलेत. कॉलेजच्या सरांना रेकमेंडेशन लेटर मागितलं तर म्हणाले तूच टाईप करून आण, सही करतो. पप्पांचे एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये थोडे माग आहेत, राहतं घर स्वतःचं आहे, आईच्या नावावर अक्कलकोट तालुक्यात थोडी शेती आहे. लोन होईल का? का हे सगळं सोडून जेएमएफसीचा, म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करू?

होटगीरोड_ते_लंडन

ताई, टोकन भरू नका, बाकीचं नंतर बोलू.

मी पण सोलापूरचाच, लंडनला एलएलएम करून आलोय. पहिली गोष्ट म्हणजे एलएलएम केलं की सॉलिसिटर होतं हे साफ खोटं आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे, दोन टप्पे आहेत, दोन्हीची फी मिळून जवळपास ५ हजार पौंड जाते, आणि त्याला एलएलएम लागतच नाही! तुमच्याकडे डिग्री आहे सनद आहे, उद्या ठरवलं तर इथं बसून अभ्यास करून पहिला टप्पा देता येतो. मग एलएलएम कशासाठी करायचं तर एखाद्या विषयात खोल जायचं असेल, पुढे पीएचडी, एनजीओ, आंतरराष्ट्रीय संस्था, मोठी फर्म असं काही डोक्यात असेल तर. तिकडं सेटल व्हायचा शॉर्टकट म्हणून करणार असाल तर गणित बसत नाही. शिक्षण झाल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्तापर्यंत दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच आहेत, आणि तेवढ्यात स्पॉन्सर करणारी फर्म मिळणं आपल्यासारख्याला फार अवघड जातं, माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त परत आले.

आता कन्सल्टन्सी. हे लोक तुमच्याकडून घेतात ते वेगळं, युनिव्हर्सिटीकडून पण त्यांना प्रत्येक पोरामागे कमिशन मिळतं, म्हणून ज्या युनिव्हर्सिट्या जास्त कमिशन देतात तीच नावं पुढे येतात. एलएलएमचा अर्ज युनिव्हर्सिटीच्या साईटवर आपला आपल्याला भरता येतो, त्यात रॉकेट सायन्स काही नाही. मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या मार्कांचा उतारा), सीव्ही, एसओपी, दोन रेकमेंडेशन, पासपोर्ट, झालं.

आयल्ट्सचं तो अर्धं खरं बोलला. बऱ्याच युनिव्हर्सिट्या बारावीच्या इंग्रजीच्या मार्कांवर माफी देतात, पण लॉ डिपार्टमेंट बाकीच्यांपेक्षा कडक असतं, चांगल्या ठिकाणी ६.५ ते ७ मागतात, ऑक्सफर्ड केंब्रिजला ७.५. पुण्याला जाऊन देऊन टाका, फी अठरा हजाराच्या घरात आहे, स्कोअर दोन वर्षं चालतो. आणि मराठीत पेपर लिहिले म्हणून लाजायचं काही कारण नाही, पण कॉलेजकडून "सगळं शिक्षण इंग्रजीतून" असलं खोटं पत्र तेवढं आणू नका. तिकडं १८० क्रेडिटचा कोर्स असतो, शेवटी दहा पंधरा हजार शब्दांचा प्रबंध, आणि तो इंग्रजीत तुम्हालाच लिहायचाय. आत्तापासून रोज एखादं जजमेंट वाचून पानभर इंग्रजीत लिहायची सवय लावा, माझी पहिल्या टर्मला लई वाट लागली होती.

५८ वर ऑक्सफर्ड केंब्रिज विसरा, ते फर्स्ट क्लासच्या वरच बघतात. पण त्याखाली पुष्कळ चांगल्या जागा आहेत जिथं ५५ किंवा ६० ची अट असते, आणि ६० वाल्या ठिकाणी कामाचा अनुभव दाखवून मेल केला तर कधी कधी विचार करतात. मागून तर बघा.

आणि खरं सांगू का, तुमची सगळ्यात भारी गोष्ट तुम्ही कंसात टाकल्यासारखी सांगितली. विडी कामगार बायकांच्या पीएफच्या केसेस तेलुगूत ऐकून मराठीत ड्राफ्ट करणारी वकील, अहो असलं प्रोफाईल दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या पोरांकडे पण नाही. एसओपीत "लहानपणापासून न्यायाची आवड होती" असलं काही लिहू नका. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा मालक नक्की कोण, कारखानदार का मधला ठेकेदार, हा प्रश्न कोर्टात कसा अडकतो ते लिहा. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात काय होतं, आता २९ कायदे मिळून ४ संहिता केल्यात त्यात या बायका कुठं बसतात ते लिहा. ब्रिस्टल युनिव्हर्सिटीत कामगार कायद्यावर काम करणारे चांगले लोक आहेत, तिथला कोर्स बघाच. कन्सल्टन्सीवाला हे जन्मात लिहू शकत नाही.

निवृत्त_बँकवाला

लोनचं मी सांगतो पोरी, सरकारी बँकेत एज्युकेशन लोनच बघत होतो.

शेतजमीन तारण म्हणून साधारण कुठली सरकारी बँक एज्युकेशन लोनला घेत नाही, त्यामुळे अक्कलकोटची जमीन डोक्यातून काढ. राहतं घर चालेल, पण कागद बघ. एनए (बिगरशेती) ऑर्डर आहे का, बांधकाम परवाना आहे का, उतारा कुणाच्या नावावर आहे. आपल्याकडे पूर्वभागात निम्मी घरं आजोबांच्या नावावरच असतात आणि मग सगळे काका आत्या सहीला बोलवावे लागतात, तिथंच लोन महिनोनमहिने लटकतं. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आधी नियमित करून घे. व्हॅल्युएशन आणि सर्च रिपोर्ट बँकेच्या पॅनेलवरचेच लोक करतात.

वडिलांचे आयटी रिटर्न भरलेले आहेत का? धंदा रोखीत असला आणि रिटर्न किरकोळ असलं तर बँक तेच किरकोळ धरते. परदेशाच्या लोनला १५ टक्के मार्जिन स्वतःचं घालावं लागतं. हप्ता कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं हे वडिलांना नीट समजावून सांग, लोक इथंच गंडतात. जुन्या टॅक्स पद्धतीत या लोनच्या व्याजाची सूट ८ वर्षं मिळते. आणि व्हिसाला खात्यात पैसे दाखवायचे तर २८ दिवस सलग पडून असावे लागतात, बँकेचं एज्युकेशन लोन तुझ्या नावावर मंजूर असेल तर मात्र त्याचं सँक्शन लेटर चालतं, सावकाराकडून चार दिवस पैसे फिरवून आणायची गरज नाही. आणणारे बघितलेत म्हणून सांगतोय.

सिद्धेश्वर_पेठ_७७

एवढे पैसे घालून परत येऊन १३८ च चालवणार का ओ? फी धरा २५ ते ४० हजार पौंड, वर राहणं खाणं, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड. घर गहाण टाकून? जेएमएफसी करा गुपचूप. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, तुमची दोन झालीच की. आत्ता परदेशात गेलात तर ते वर्ष प्रॅक्टिसमध्ये कसं मोजणार?

अजून एक, परत येऊन लॉ कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर सांभाळून. बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांत परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम इथल्या एलएलएमच्या बरोबरीचं धरलेलं नाही. त्या नियमांवर सुप्रीम कोर्टात भांडण झालंय, पण त्याच्या भरवशावर घर गहाण टाकू नका.

होटगीरोड_ते_लंडन

दादा मुद्दा बरोबर आहे, पण सगळ्यांनी न्यायाधीशच व्हायचं का? आणि स्वतःच्या पैशानेच जायचं असं कुठं लिहिलंय.

ताई, चेव्हनिंग बघा, ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. कामाचा अनुभव २८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षं लागतात, ते तुमचे होतीलच, मॅडमकडून पत्र घेऊन ठेवा. फी, विमान, राहणं सगळं देतात, नंतर दोन वर्षं भारतात परत यायची अट आहे. अर्ज ऑगस्टच्या सुमारास उघडतो. स्पर्धा प्रचंड आहे हे खरं, पण तिथं टक्क्यांपेक्षा तुम्ही काय काम केलंय आणि परत येऊन काय करणार हे जास्त बघतात.

यंत्रमाग_पोरगा

ताई तुम्ही पद्मशाली असाल असं वाटतंय म्हणून सांगतो, राग मानू नका. आपण महाराष्ट्रात एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) येतो, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी पोरांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. एससी असाल तर समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती वेगळी. दोन्हीकडे उत्पन्नाची, वयाची आणि युनिव्हर्सिटीच्या क्यूएस जागतिक रँकिंगची अट असते आणि जीआर दर थोड्या वर्षांनी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा, मार्कांची अट पहिल्यांदा बघा. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर सेतूत गर्दी मावत नाही.

न्यूयॉर्क_बार_चालू

यूकेच का? अमेरिकेचा पण विचार करा. एलएलएमला एलसॅट ही तिथली लॉची प्रवेश परीक्षा लागत नाही, बहुतेक कॉलेजांचे अर्ज ती परीक्षा घेणाऱ्या एलएसॅक संस्थेच्या साईटवरून जातात. आपलं तीन वर्षांचं एलएलबी प्लस तिथलं २४ क्रेडिटचं एलएलएम यावर न्यूयॉर्कची बार परीक्षा देता येते, म्हणजे तिथं एलएलएमचा लायसन्सला खरंच उपयोग आहे. कॅलिफोर्नियात तर सनदवाल्या परदेशी वकिलाला एलएलएमशिवाय पण बसता येतं. वाईट बातमी म्हणजे मोठ्या कॉलेजांची नुसती फी ७० हजार डॉलरच्या वर आहे.

पूर्वभागची_वकील

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अमेरिकेचा आकडा पप्पांना सांगत नाही, बीपी आहे त्यांना. हो दादा एसबीसीच. घर आजोबांच्या नावावरच आहे, काका, बरोबर ओळखलंत. म्हणजे आधी घराचे कागद, आणि चेव्हनिंगचा अर्ज, आणि स्वतःच्या पैशाने जायचं नाही असं ठरवते. प्रॅक्टिस तोवर चालूच राहील, म्हणजे तीन वर्षं पण भरतील.

फक्त रेकमेंडेशनचं कळेना. सर सही करतो म्हणतात तर मी लिहून नेऊ का?

होटगीरोड_ते_लंडन

नका नेऊ. बऱ्याच ठिकाणी युनिव्हर्सिटी लिंक थेट सरांच्या ईमेलवर पाठवते आणि पत्र त्यांनाच अपलोड करायचं असतं, जीमेल दिसलं की काही जण कॉलेजचा मेल आयडी मागतात. सरांना एक पानभर मुद्दे द्या, कुठला विषय शिकवला, कुठल्या मूट कोर्टात (सरावाच्या खटल्यात) तुम्ही होतात, प्रोजेक्ट काय केला, आणि शेजारी बसून त्यांच्याकडून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, अर्धा तास लागेल. दुसरं पत्र तुमच्या मॅडमकडून घ्या, तेच जास्त वजनदार होईल. त्यात पीएफच्या दोन तीन मॅटरमध्ये तुम्ही नक्की काय केलंत ते यायला पाहिजे, पक्षकारांची नावं टाळून.

पूर्वभागची_वकील

मॅडम लेबर कोर्टातून आल्या की आजच विचारते. आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठात केगावला जाऊनच काढायचं का?

यंत्रमाग_पोरगा

परीक्षा विभागात आधी फोन करून काय काय लागतं विचारा आणि मगच जा. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स जोडून न्या, आणि सीलबंद पाकिटं दोन तीन जास्तीची मागा.