मदत हवी आहे: मका चालू केल्यापासून मेंढराच्या मटणाची तक्रार येतेय

माणगंगा_काठ:
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे, थेट मुद्द्याचं लिहितो. मेंढरं चारणीवर वाढवतो. यंदा नरांना संध्याकाळी वाड्यात आल्यावर मका चालू केला. वजनं मस्त धरली. पण ज्या हॉटेलवाल्याला नेहमी माल जातो त्याचा फोन आला. चरबी फार, रश्श्यावर तेलाचा थर येतो, चरबी घट्ट राहत नाही, बोटाला चिकटते. वर 'पहिली चव गेली' म्हणून दर पाडतोय. दोन आठवड्यांनी पुढचा माल द्यायचाय. मका बंद करू की चालू ठेवू, एवढंच सांगा. शेळ्या पाळा असले सल्ले नकोत.

रानवाट:
वय? जात? मका किती, आख्खा की भरडून? जोडीला पेंड काही? खच्ची आहेत का? यातलं काहीच न लिहिता 'बंद करू की चालू' विचारलंत तर छापा-काटाच करावा लागेल.

माणगंगा_काठ:
नर कोकरं आहेत, आपली नेहमीची दख्खनी. मका भरडून देतो. चारणी पूर्वीइतकीच. आता सांगा.

उस्मानाबादी_प्रेमी:
नको म्हणालात तरी सांगतो. मेंढीच्या मटणाला चरबी असणारच, जातीचा गुण आहे तो. बोकडाची चरबी पोटात साठते, मांसावर थर येत नाही. निम्मी मेंढरं काढा आणि उस्मानाबादी शेळ्या आणा, हॉटेलवाला स्वतः गाडी घेऊन येईल.

माणगंगा_काठ:
वाटलंच होतं.

सुरी_आणि_काटा:
आमचं दुकान वडिलांपासून आहे, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मला नेमकं कळलं. चारणीचा माल सोलला की गुर्द्याभोवतीची चरबी पांढरी असते आणि तासाभरात मेणासारखी आवळते, नख मारलं तर खपली निघते. भरड्यावर वाढवलेल्या मालाची चरबी गार झाली तरी ओशट राहते. ठोकळ्यावर सुरी घसरते, हात सारखा पुसावा लागतो. पाठीवरचा थर तर असा की अर्धं वजन चरबीला जातं आणि गिऱ्हाईक 'चरबी काढून द्या' म्हणतं. मग तोटा कुणाचा? माझाच. म्हणून दर पडतो. हॉटेलवाल्याला शिव्या घालू नका.

भरडा_गिरणी:
मका भरडायलाच पाहिजे, नाहीतर लेंडीतून आख्खा बाहेर पडतो. आमच्या गिरणीवर सगळे भरडूनच नेतात. चरबीचा आणि भरड्याचा काय संबंध?

रानवाट:
गायी-म्हशींच्या शेणात दाणे दिसतात हे खरं. मेंढरू दाणा चावून खातं, रवंथात पुन्हा चावतं. लेंड्या फोडून बघा, आख्खा दाणा क्वचितच सापडेल. माझी मेंढरं आख्ख्या मक्यावर आहेत. गिरणीचे पैसे वाचले आणि पोट धरायचं थांबलं.

भरडा_गिरणी:
तुमचं मेंढरू वेगळं असेल. पिढ्यान्‌पिढ्या भरडा घालतायत लोक.

रानवाट:
पिढ्यान्‌पिढ्या लोक मेंढराला मकाच घालत नव्हते हो. बाभळीच्या शेंगा आणि शेतातलं काड, संपलं.

गुरांचा_डॉक्टर:
भांडू नका, दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं आहे. भरडल्याने मक्यातलं स्टार्च पोटात फार झटकन आंबतं, एकदम आम्ल तयार होतं. मेंढीत त्याचा एक परिणाम कातडीखालच्या चरबीवरही होतो. तिथे वेगळ्या प्रकारची स्निग्धाम्लं बसतात आणि ती चरबी कमी तापमानाला वितळते, म्हणजे मऊ राहते. सुरीवाले दादा जे ठोकळ्यावर बघतात ते हेच. आख्ख्या दाण्याने हा त्रास बराच कमी होतो, कारण चावण्यात वेळ जातो, लाळ जास्त सुटते आणि लाळेतला सोडा आम्ल मारतो.
पण धागाकर्त्यांनी अजून मुख्य माहिती दिलेली नाही. एका जनावराला किती मका, एक वेळ की दोन वेळ? आणि दात किती?

माणगंगा_काठ:
मोजून नाही, अंदाजाने अर्धा किलो बसत असेल. संध्याकाळी एकदाच. दातांचा काय संबंध? कोकरं म्हणजे घरची काही, काही आटपाडीच्या बाजारातून आणलेली. बाजारातली दोनदाती आहेत, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेली, खच्ची होऊनच आली. हॉटेलला तीच गेली होती, घरची अजून लहान आहेत.

सुरी_आणि_काटा:
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं राव! दोनदाती खच्ची म्हणजे कोकरू नव्हे, तो पाहुण्यांना वाढायचा माल.

पर्थकर:
ऑस्ट्रेलियात यावर कायदा आहे. पुढचा पक्का दात झिजायला लागेपर्यंतच त्या मटणाला 'लॅम्ब' म्हणता येतं. ही व्याख्या 2019 मध्ये थोडी सैल केली, त्याआधी पक्का दात नुसता उगवला तरी जनावर 'लॅम्ब'च्या दरातून बाद व्हायचं. आमच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात कुरणं करपली की मेंढ्यांना ल्युपिन देतात. शेंगवर्गीय दाणा, प्रथिनं भरपूर, स्टार्च जवळजवळ नाहीच, त्यामुळे पोट बिघडत नाही. तुम्ही ल्युपिन का नाही देत?

रानवाट:
दहिवडीच्या कुठल्या दुकानात मिळतं ते सांगा, लगेच आणतो.

पर्थकर:
अहो, तत्त्व सांगतोय. हरभऱ्याची चुणी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा, द्या, तुरीची द्या.

गुरांचा_डॉक्टर:
तत्त्व बरोबर आहे. आता दातांचा संबंध. वाढत्या कोकराच्या अंगात खाल्लेलं आधी हाडाला आणि मांसाला जातं. वाढ संपत आली की तोच घास चरबीत जमा होतो. दख्खनी मुळात लहान चणीची, तिची वाढ लवकर पुरी होते. त्यात खच्ची केलेलं जनावर नरापेक्षा लवकर चरबी धरतं. दोनदाती खच्ची दख्खनीला रोज अर्धा किलो मका म्हणजे चरबीच करायला घातल्यासारखं. काट्यावर वजन दिसलं, पण ते मांसाचं नव्हतं.
दुसरं, नुसता मका. त्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के. मांस धरायला वाढत्या कोकराच्या खुराकात 14 ते 16 टक्के लागतात. प्रथिनं कमी आणि ताकद जास्त झाली की जादा ताकद चरबीतच जाते. म्हणजे मका गुन्हेगार नाही. कुणाला घातला, किती घातला आणि एकटाच घातला, हे तीन प्रश्न आहेत.

माणगंगा_काठ:
डॉक्टर, पटतंय. पण माझा प्रश्न तोच राहिला. आज बंद केला तर दोन आठवड्यांत चरबी उतरेल का?

गुरांचा_डॉक्टर:
नाही. एकदम बंद केलात तर वजन उतरेल आणि त्यात मांसही जाईल. चारणीवर ठेवल्याने चव थोडी फिरते, थर मात्र तसाच राहतो. दोनदाती जनावरांच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, हात दाबून बघा. कण्याच्या बाजूच्या हाडांची टोकं बोटाला सहज लागत असतील तर अजून वाव आहे. जोर देऊन दाबल्यावर लागली तर माल तयार आहे, विका. दाबूनही लागत नाहीत तर उशीर झालाय, रोजचा मका वाया चाललाय.

बोल्हाईभक्त:
विषय मटणाचा आहे म्हणून बोलतो. आम्ही वाडेबोल्हाईचे, बोल्हाई देवीला मानणारे, म्हणून घरात बोकड शिजतच नाही, फक्त मेंढीचं. पुण्यात 'बोल्हाईचे मटण' पाटी बघूनच घेतो. आमच्या आजीच्या मते चरबीशिवाय मटण म्हणजे भाजी. शहरातली माणसं चरबी नको म्हणतात आणि मग वरून तेल ओततात. हॉटेलवाल्याला म्हणावं फोडणीचं तेल कमी कर, थर आपोआप कमी होईल.

सुरी_आणि_काटा:
आजींना नमस्कार. खरं आहे, त्या मटणाला तेल लागतंच किती! पण आजी खात होत्या ती चारणीची घट्ट चरबी. भरड्यावरची खाल्ली असती तर त्याच म्हणाल्या असत्या, हे काय आणलंस.

माडग्याळ_जत:
दख्खनी सोडा, माडग्याळ आणा. पोपटासारखं नाक, उंच, लांब, वाढ जोरात. आमच्याकडे मेंढ्याला मोटारसायकलीचा भाव मिळतो.

रानवाट:
तो भाव नाकाला मिळतो, मटणाला नाही. हॉटेलवाला ताटात नाक वाढणार आहे का?

माडग्याळ_जत:
माहिती नसेल तर बोलू नये. जात मोठी म्हणजे त्याच वजनाला चरबी कमी. विचारा डॉक्टरांना.

गुरांचा_डॉक्टर:
हा मुद्दा खरा आहे. मोठ्या चणीचं जनावर 25 किलोला अजून वाढीत असतं. पण धागाकर्त्यांकडे आहेत ती मेंढरं दोन आठवड्यांत बदलणार नाहीत.

फलटण_फेरी:
फलटणच्या निंबकर संस्थेची सुवर्णा मेंढी बघा. सुंदरबनच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण तिच्यात उतरवलाय. एका वेताला दोन कोकरं.

माणगंगा_काठ:
जुळ्यांचा प्रश्न कुणी विचारला?

शिवारकाका:
मक्याने चरबी पिवळी होते म्हणून लोक घेत नाहीत, असं आमच्याकडे म्हणतात. पांढरा मका घाला.

गुरांचा_डॉक्टर:
गाईची चरबी हिरव्या चाऱ्याने, पिवळ्या मक्याने पिवळसर होते. मेंढीत तो रंग फारसा साठत नाही. मेंढराची चरबी, डोळ्यांच्या कडा, कातडीची आतली बाजू पिवळी दिसली तर ती कावीळ समजा आणि ते मटण विकू नका. त्यावरून आठवलं, माणगंगा, खनिज मिश्रण कोणतं देता?

माणगंगा_काठ:
गाईसाठी आणलेलं आहे, त्यातलंच मूठभर सगळ्यांच्या मक्यात टाकतो. चांगलं कंपनीचं आहे.

गुरांचा_डॉक्टर:
आजच थांबवा. गाईच्या मिश्रणात तांबं असतं, गाईला ते लागतं. मेंढीला तांबं बाहेर टाकता येत नाही, यकृतात साठत राहतं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी प्रवासाचा नाहीतर पावसाचा ताण पडला की सगळं रक्तात उतरतं. लघवी काळपट लाल, डोळे पिवळे, दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. मेंढीसाठीचं मिश्रण वेगळं मिळतं, पुडीवर बघून घ्या. कोंबडीखाद्यही घालू नका, तेच कारण.
आणि नरांना दाण्यावर ठेवलंय तर मुतखड्याकडे लक्ष ठेवा. दाण्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. लहानपणी खच्ची केलेल्यांची मूत्रनळी अरुंद राहते, खडा तिथेच अडकतो. पाठ वाकवून उभं राहणं, थेंबथेंब लघवी, शेपूट हलवत कण्हणं दिसलं तर मका बंद आणि डॉक्टरला फोन. खुराकात चुनखडी आणि मीठ पाहिजेच, आणि पाणी सतत समोर.

माणगंगा_काठ:
एक दोनदाती गेल्या आठवड्यात तसा उभा होता. पोटफुगी समजून तेल पाजलं. आता बरा दिसतोय.

गुरांचा_डॉक्टर:
बरा दिसतोय म्हणून सोडू नका. लघवी धार धरून करतोय का ते तासभर उभं राहून बघा. पोटाखालच्या केसांवर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण लागलेत का तेही बघा. धार नसेल तर उद्याची वाट बघू नका.

रानवाट:
आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होतं त्या रोगाची) लस दिलीय का? मका वाढवला की सगळ्यात गुबगुबीत कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. माझ्याकडे झालंय, चांगलंच महागात पडलं.

माणगंगा_काठ:
पावसाळ्याआधी दिली होती घरच्यांना. बाजारातल्यांचं माहिती नाही.

गुरांचा_डॉक्टर:
मग दिलेलीच नाही असं समजा. पहिला डोस आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. विकायच्या मालाला आता देण्यात अर्थ नाही, राहणाऱ्यांना द्या.
घरच्या लहान कोकरांसाठी खुराक, शंभर किलोत: आख्खा मका 70, शेंगदाणा पेंड 17, तूर चुणी 10, चुनखडी 1, मेंढीचं खनिज मिश्रण 1, मीठ 1. सुरुवात दिवसाला 50 ग्रॅमने, दोन-तीन आठवड्यांत 250 पर्यंत, सकाळ-संध्याकाळ वाटून. पेंडीला बुरशीचा वास असेल तर फेकून द्या. गव्हाचा कोंडा नरांना बेताचाच, त्यात फॉस्फरस जास्त. चारणी कमी करायची नाही.

भरडा_गिरणी:
म्हणजे भरड्याला जागाच नाही.

गुरांचा_डॉक्टर:
पेंड भरडा की! आणि म्हाताऱ्या, दात पडलेल्या मेंढ्यांना मका भरडूनच लागतो.

सुरी_आणि_काटा:
एक राहिलं. माल पाठवताना गाडीत कोंबू नका, आणि उतरवल्यावर लगेच कापू देऊ नका. रात्रभर पाणी आणि विसावा मिळू दे. धडपडत, घाबरत आलेल्या जनावराचं मटण काळपट पडतं आणि चिवट होतं, मग दोष खुराकाला लागतो. हॉटेलवाला म्हणतो ती 'चव गेली' तक्रार निम्मी याचीच असू शकते. गाडी कशी जाते?

माणगंगा_काठ:
टेम्पोत, पहाटे. पोचल्या-पोचल्या कापतात, त्याला सकाळी मटण लागतं.

सुरी_आणि_काटा:
मग आदल्या संध्याकाळी पाठवा.

माणगंगा_काठ:
ठीक. असं ठरवतो. दोनदाती हाताने तपासून तयार असतील ती बाजारात नगावर विकतो, हॉटेलला नाही. हॉटेलला घरची, पण त्यांना अजून महिना-दीड महिना पाहिजे. हॉटेलवाला थांबतो का बघतो, नाही थांबला तर पुढच्या वेळी त्याचा दर मी ठरवीन. खनिज मिश्रण बंद केलं. त्या एका जनावरासाठी डॉक्टरला फोन लावलाय, ते दुपारी येतायत.

उस्मानाबादी_प्रेमी:
शेळीला हे तांब्याचं झंझट एवढं नसतं, सांगून ठेवतो.

नवशेतकरी_९:
सर, माझी एक शेळी दोन दिवस चारा खात नाही, काय करू? ताप नाही. मका थोडा जास्त खाल्ला होता.

रानवाट:
नवा धागा काढा. आणि किती खाल्ला, कधी खाल्ला, आख्खा की भरडून, हे पहिल्याच ओळीत लिहा.